नाक्यावरची पहिली फुंक

असोदा,
रविवार, २९ जानेवारी १९९५

प्रिय भिकन,

तुझ्या आत्याचे अनेक आशीर्वाद. हे पत्र पोस्टाने न येता एसटीच्या कंडक्टरने हातात दिलं, याचं नवल वाटलं असेल. त्याचं कारण शेवटी लिहिलं आहे, पण आधी शेवट वाचू नकोस. गणित सोडवायच्या आधी मागच्या पानावर उत्तर बघायची तुझी सवय मला माहीत आहे, चौथीत त्यासाठी तू माझ्या हातची पट्टी खाल्ली आहेस. गाडी तुझ्या चौकीपाशी अर्धा तास थांबते, असं मला कळलं आहे. तेवढ्या वेळात वाचून संपव.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं, शाळेत भागाकार चालू असताना. वाचून आधी राग आला, मग रडू आलं आणि मग पुन्हा राग आला, म्हणून दोन दिवस थांबले. तू लिहितोस की चोपड्याच्या पुढे त्या चौकीत मन लागत नाही, आत्याचं तोंड पाहायची हिंमत नाही, वर्दीला तू लायक नाहीस आणि दहा तारखेला राजीनामा देणार आहेस. सहा ओळींत एवढं सगळं. घरी मला आत्या आणि शाळेत बाई म्हणायची तुला शिस्त लावली होती, ती तू आजवर पाळलीस. म्हणून आज थोडं बाई म्हणून लिहिते, थोडं आत्या म्हणून. कुठलं कुठे ते तुझं तू ओळख.

फाट्यावरचा दारू तपासायचा नाका मी आणला, हे आधी लक्षात ठेव. ब्याण्णवच्या फेब्रुवारीत सकाळी नऊ वाजता हे सायकलवर केळीच्या बागेकडे निघाले आणि ट्रकने उडवलं. ट्रकवाला सकाळीच प्यायलेला होता. तिसऱ्या दिवशी सिव्हिलमध्ये हे गेले. तू भुसावळला कॉलेजात होतास, निरोप उशिरा मिळाला आणि आलास तो सरळ स्मशानात. त्या दिवसापासून तुझ्या आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की त्या माणसाला रस्त्यात कोणी थांबवलं असतं, तर हे आज ओट्यावर पेपर वाचत बसले असते. मी आणि शेजारची कुंदाबाई दारोदार फिरलो, बायकांच्या एकशे साठ सह्या आणि अंगठे घेतले, जळगावला साहेबांच्या ऑफिसात चार खेपा घातल्या, तेव्हा कुठे गावच्या फाट्यावर गुरुवार-रविवार नाका लागला. यंत्रबिंत आपल्याकडे कुठलं, शिपाई म्हणणार फुंक मार, आणि त्याचं नाक म्हणेल ते खरं.

गावातले निम्मे पुरुष माझ्याशी बोलेनासे झाले. बाईंनी गावात पोलीस घातले, असं पारावर म्हणायचे. बायका मात्र खूश होत्या. कुंदाबाईचे यजमान मोतीलालभाऊ रविवारी लूना घरी ठेवून पायी प्यायला जाऊ लागले, आणि पायी जायचा कंटाळा म्हणून जाणंच कमी झालं. मला फार अभिमान वाटायचा. पण दुसरीही गोष्ट मी पाहत होते. ट्रॅक्टरवरच्या केळी कापणाऱ्यांना खाली उतरवून रस्त्याच्या कडेला उकिडवं बसवायचे, आणि त्यांच्या मागून साखर कारखान्याच्या चेअरमनची पांढरी अँबेसेडर आली की सलाम ठोकून वाट मोकळी करून द्यायचे. शाळेत जाता-येता हे दिसायचं आणि मी मान वळवायचे. थोडा अपमान झाला तर झाला, जीव तर वाचतात, असं म्हणायचे. अपमान माझा होत नव्हता, त्यामुळे असं म्हणणं मला सोपं होतं. ही माझी चूक आहे आणि ती तुझ्या चुकीच्या आधीची आहे, म्हणून आधी लिहिली.

मग तू भरती झालास. वर्दी घालून पाया पडायला आलास तेव्हा मी यांच्या फोटोसमोर तुला उभं केलं आणि शेजारच्या चार घरांना बोलावून दाखवलं. वर्षभराने तुझी नेमणूक आपल्याच फाट्यावर झाली, तीही तू मागून घेतलेली. मला वाटलं, आता यांच्या आत्म्याला शांती मिळेल. तू प्रत्येक ड्रायव्हरच्या चेहऱ्यात तो एकच चेहरा शोधत उभा राहशील, हे मला कळायला हवं होतं. तुला इतकी वर्षं शिकवलं, तरी ते मला दिसलं नाही.

आठ तारखेच्या रविवारचं तुला सांगायला नको, पण तू ते फक्त तुझ्या बाजूने पाहिलं आहेस. मी जळगावला निघाले होते. भरताचे दिवस, शहरातून मळ्यात भरीत खायला आलेली मंडळी त्याच दुपारच्या एसटीने परतत होती, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि सगळीकडे पातीच्या लसणाचा घमघमाट. फाट्यावर तू गाडी थांबवलीस. ड्रायव्हर रूपचंदभाऊंचे डोळे लाल होते, कारण पहाटे चारपासून ते गाडीवर होते. तू त्यांना खाली उतरवलंस आणि म्हणालास, फुंक. अरेतुरे करून, तुझ्या बापाच्या वयाच्या माणसाला. ते साक्रीकडचे, हळू आवाजात म्हणाले, "मी दारू पेस नही साहेब. दवाखानामा चाला, तठे रगत ल्या. पन बठ्ठा लोकेसना समोर असं नका करू." दवाखान्यात नेऊन रक्त तपासा, पण सगळ्या लोकांसमोर नको, एवढंच त्यांचं मागणं. तू म्हणालास, नाही म्हणतो म्हणजे प्यायलाच आहे, चल ठाण्यावर. आणि त्यांची हनुवटी धरलीस. चोवीस वर्षं ज्या माणसाच्या गाडीला ओरखडा आला नाही, त्याच्यावर दारूची केस झाली असती तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. तुझ्या हातात नुसती हनुवटी नव्हती.

मी उतरले. तुला म्हटलं, भिकन, आधी माझी फुंक घे. तू दचकलास आणि तोंडातून निघालं "बाई". आत्या नाही. "बाई, पॅसेंजरची घ्यायची नसते." मी म्हटलं, नाका मी मागितला आहे, तर पहिली फुंक माझी, आणि तुझ्या नाकासमोर फुंकले. खरं सांगते, मला लाज वाटली रे. एवढ्या लोकांत तोंड उघडायचं, परक्याने नाक जवळ आणायचं, आणि मग आपण कसे आहोत ते त्याने ठरवायचं. दोन क्षणांचं काम, पण त्यात माणूस किती लहान होतो ते मला पन्नासाव्या वर्षी कळलं. तोवर गिरधरनाना काठी टेकत खाली आले. "माह्या तोंडाचा वास घे रे बापू, पन लांबून घे, तमाखू खाल्ली हाये." त्यांच्या मागे ती भरीतवाली मंडळी, त्यांच्या मागे बाजारच्या बायका पाट्या घेऊन. रांगच लागली. कोणी ठरवलं नव्हतं. प्रत्येकाच्या पोटात भरीत, कच्चा कांदा आणि लसूण, आणि प्रत्येक जण अगदी मनापासून फुंकत होता. वीस-बाविसाव्याला तू रुमाल काढलास, डोळ्यांतून पाणी आलं. ते लसणाचं होतं की कशाचं, मला आजही माहीत नाही. शेवटी रूपचंदभाऊंची पाळी आली तेव्हा तुझं नाक कामातून गेलं होतं. लोक हसले. मीही हसले, त्याचं मला वाईट वाटतं.

मग तुझे फौजदार आले आणि त्यांच्या जीपच्या ड्रायव्हरला स्टिअरिंगवर बसवून सगळी गाडीच सिव्हिलला नेली. ज्यांना स्टँडवर उतरायचं होतं तेही उतरले नाहीत. डॉक्टरांनी रूपचंदभाऊंना तपासलं, रक्त घेतलं, चालवून पाहिलं आणि लिहून दिलं की दारूचं काही लक्षण नाही. तू भिंतीला टेकून उभा होतास. तुझ्याकडे बघायलाही मी थांबले नाही, सरळ निघून गेले. तू लिहितोस की त्या पाठमोऱ्या आत्यामुळे तुला झोप येत नाही. मी पाठ फिरवली, कारण समोर राहिले असते तर सगळ्यांदेखत तुला जवळ घेतलं असतं, आणि ते त्या वेळी बरोबर झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत लोक जमले. नाका बंदच करा, असं निम्म्यांचं म्हणणं. कुंदाबाई चिडून म्हणाली, ज्याने घेतली नाही त्याने भ्यायचं कशाला? त्यावर गिरधरनाना म्हणाले, भीत कोणी नाही, मान खाली जाते. मग मी उठले आणि म्हटलं, नाका राहील. मला हे परत मिळणार नाहीत, पण दुसऱ्या कुणाचे हे जायला नकोत. फक्त तो सगळ्यांना सारखा लागेल आणि माणसासारखा लागेल. त्यावर दोन तास भांडण झालं. आपल्या गावात दोन तास भांडण म्हणजे एकमतच समज.

आता तुझ्या पत्रात जे नाही ते. पंधरा तारखेला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, फाट्यावर काय झालं ते तू मला लिहिलंच नाहीस. मला मोतीलालभाऊंनी सांगितलं. ते सायकलवर रांगेत उभे होते, आणि त्यांच्या पुढे चेअरमनची अँबेसेडर होती. बाकीचे शिपाई सलाम करून बाजूला झाले. तूही सलाम केलास आणि मग गाडीसमोरच उभा राहिलास. म्हणालास, आज सगळ्यांची तपासणी आहे, ड्रायव्हरदादांनी कृपा करून खाली यावं, आणि इथे फुंकायचं नसेल तर दवाखान्यात जाऊ. चेअरमननी काच खाली करून विचारलं, मी कोण, ओळखतोस का? तू म्हणालास, ओळखतो साहेब, मागे सायकलवाला उभा आहे, त्याच्याआधी आपला नंबर आहे. मोतीलालभाऊ सांगतात की मग त्या ड्रायव्हरने फुंक मारली, तू हात मागे बांधून वास घेतलास, आभार मानलेस आणि गाडी सोडलीस. कोणी प्यायलेलं नव्हतं. म्हणूनच मला ते जास्त आवडलं. तिसऱ्या दिवशी तुझा बदलीचा हुकूम निघाला. आणि तू मला लिहितोस की चुकीची शिक्षा मिळाली. अरे, ही शिक्षा तुझ्या चुकीची नाही. चुकीबद्दल तुला कोणी काही केलंच नाही. ही तुझ्या चांगल्या कामाची शिक्षा आहे, आणि तुझ्या भरतीच्या दिवशी मी चार घरं गोळा केली होती, या वेळी साऱ्या गावाला सांगत सुटले आहे.

एक गोष्ट मी त्या दिवशी मुद्दाम बोलले नाही. ब्याण्णवमध्ये हे रस्त्यात पडले तेव्हा दोन गाड्या थांबून बघून निघून गेल्या. तिसरी एसटी होती. त्या ड्रायव्हरने यांना उचलून गाडीत घेतलं, ठरलेला रस्ता सोडून भरल्या गाडीनिशी सरळ सिव्हिल गाठलं आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. त्या माणसामुळे मला यांचे तीन दिवस मिळाले, दोन शब्द बोलता आले. ते रूपचंदभाऊ होते. फाट्यावर मी हे तुझ्या कानात सांगितलं असतं, तर तू त्यांचे पाय धरले असतेस, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाची हनुवटी धरली असतीस. ते आपले कोणी नसते तरी त्यांना हात लावायचा नव्हता, म्हणून मी गप्प राहिले. तेही गप्प राहिले, मला ओळखून.

आता पत्र का लिहिलं ते. सोबत एका अर्जाची नक्कल आहे, मूळ अर्ज उद्या मी साहेबांकडे घेऊन जाणार आहे. नाका चालू ठेवावा, चेअरमन असो की सायकलवाला, प्रत्येकाला क्रमाने थांबवावं, अंगाला हात लावू नये, आणि नको म्हणेल त्याला ठाण्याऐवजी दवाखान्यात न्यावं, एवढं मागितलं आहे. शेवटी लिहिलं आहे की या कामासाठी शिपाई भिकन यांनाच परत असोद्याच्या फाट्यावर द्यावं. दोनशे बारा सह्या आहेत. माझी दुसरी आहे. पहिली कुणाची ते बघ, ठळक, थोडी वाकडी आहे, स्टिअरिंगवर कागद ठेवून केलेली. त्यांची ड्युटी या आठवड्यापासून चोपड्याकडे लागली आहे. पत्र कंडक्टरकडून दिलं, कारण त्यांना बघून तू वाचलंच नसतंस. गाडी अजून उभी असेल. राजीनाम्याचा कागद खिशात असेल तर तिथेच फाड, तांब्याभर पाणी घे आणि ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जा. आधी माफी माग. मग त्यांना चौकीत बोलावून तुझ्या खुर्चीवर बसव आणि चहा पाज. गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली तरी आज मी कुणाला काही म्हणू देणार नाही.

तुझीच,
आत्या आणि बाई
सुगंधा