आई तुझ्याकडे होती

नल्लकुंटा, हैदराबाद
मार्च १९५७

प्रिय अक्कास,

राज्याची वाटणी झाली, भाऊजींची बदली औरंगाबादला झाली आणि तुझ्या बाळंतपणासाठी आईही तुमच्याबरोबर गेली. माझेही दिवस भरत आले होते. "तिला गाव नवं आहे, तुला इथं सगळं ओळखीचं," एवढंच ती म्हणाली.

दवाखान्यात कळा सुरू झाल्यावर मी आईला हाका मारल्या. ती तुझ्या उशाशी बसली असेल म्हणून तुला शिव्याही दिल्या. शेजारच्या खाटेवर एक मुलगी अडली होती. तिची आई राजम्मा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला त्या मुलीचाही राग आला. तेवढ्यात राजम्मा उठून माझ्याकडे आली. "रोना नक्को बेटी," म्हणत तिने माझा हात धरला, तो माझी मुलगी जन्मेपर्यंत सोडला नाही. तिची लेक तिकडून "अम्मा, अम्मा" करत होती. खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं.

हे पत्र पाठवणार नाही. तुझी पत्रं आईच आधी वाचते. पुढच्या आठवड्यात ती इकडे येते आहे. आली की तिला परत तुझ्याकडे जाऊ देणार नाही.

तुझी धाकटी,
इंदू