सुरूचं झाड आणि माझी विद्वत्ता

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकल्यावर सरळ व्हायला हल्ली टेबलाचा आधार लागतो, तेव्हा नमस्कार मनापासूनचा आहे हे ओळखावं). तुझे गुडघे काय म्हणतात? आम्ही दोघं बरे आहोत. सौ.चा खोकला गेला, आणि त्याच्या मागोमाग माझी अक्कलही गेली, असं तिचं मत आहे. पुढचा मजकूर वाचून तुझंही तेच होईल.

त्याचं असं झालं. सौ.ची पुस्तकं परत करायला मी वाचनालयात गेलो होतो. तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात बसून मी लोकांना वाचायला लावतोय, पण स्वतः भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यापलीकडे काही वाचलेलं नाही (तक्ता मात्र तोंडपाठ आहे). ग्रंथपाल बाईंनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. झाडांवरचं. तारखांच्या कागदावरचा शेवटचा शिक्का चौदा वर्षांपूर्वीचा. याला कुणी नेत नाही हो, असं त्या अशा काही सुरात म्हणाल्या की मला नाही म्हणवेना. दुपारी डुलकी घेताना मानेखाली घ्यायला बरं, एवढ्याच हेतूने घरी आणलं. सहज उघडलं, आणि संध्याकाळी सौ.ने दिवा लावला तेव्हा कळलं की आपण चपला न काढता तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोचलोय.

दुसऱ्या दिवशी घर ते दुकान या रस्त्यात मला अकरा जातींची झाडं सापडली. आजवर मी दोनच जाती मानत होतो: सावली देणारी आणि खाली उभ्या केलेल्या स्कूटरवर पक्ष्यांकरवी नक्षी काढून घेणारी. सकाळी सव्वानऊला एका कोवळ्या पानातून ऊन आरपार येतं, ताई, आणि आत शिरांचं अख्खं जाळं दिसतं. हे बघत मी इतका वेळ उभा राहिलो की दुकानापाशी तीन गिऱ्हाइकं कुलपाकडे बघत उभी होती. त्यातल्या एका निवृत्त मास्तरांची नजर मी तक्त्याऐवजी समोरच्या फांदीवर तपासली. ते बिचारे नवा चष्मा घालून घरी गेले आणि परत येऊन म्हणाले की पानं झकास दिसतात, पेपर मात्र दिसत नाही.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं ही आपल्या घरातली माझी खास शाखा. वाचनालयात चार माणसांसमोर मी बोलून बसलो, की रविवारी बागेत चला, झाडं दाखवतो. बारा जण आले. माझ्या हातात पुस्तक आणि डोक्याला टोपी. बागेच्या मधोमध सुयांसारख्या पानांचं एक उंच झाड आहे. ते पाहून मी घसा साफ केला आणि जाहीर केलं की हा पाइन आहे, थंड डोंगरांतून इथवर आलेला, आणि वय किमान दोनशे वर्षं. खोडाच्या घेरावरून वय कसं काढतात हे दाखवायला मी त्याला कडकडून मिठीही मारली. मुंग्यांना ही सलगी आवडली नाही. पुढची पाच मिनिटं मी खांदे उडवत, एक पाय झटकत व्याख्यान दिलं. लोकांना वाटलं, वाऱ्यात झाड कसं हलतं ते दाखवतोय. मागच्या रांगेतल्या एकाने मान डोलावली.

शेजारी बागेतल्या माळीणबाई आळं करत होत्या. त्या हातातलं खुरपं खाली ठेवून उठल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "साहेब, सुरूचं झाड आहे हे. माझी धाकटी झाली त्या वर्षी मी लावलंय. ती आता कॉलेजात जाते."

बारा जण माझ्याकडे बघत होते. अशा वेळी धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात, पण बाईंनी तिथली माती नुकतीच चोपून बसवली होती.

बाईंनी मात्र मला खजील होऊ दिलं नाही. त्यांनी एक लांब हिरवी काडी तोडली आणि दोन्ही टोकं धरून ओढली, तर ती बारीक सांध्यापाशी टचकन सुटली. मग पुन्हा पुढच्या सांध्यापाशी. ही पानं नव्हेत, म्हणाल्या, काड्याच. पानं सांध्यावर असतात, पण इतकी बारीक की मला काही दिसत नाहीत. माझ्या खिशात दुकानातलं भिंग होतं. मी ते सांध्यावर धरलं. ताई, सहा-सात इवले दात, गोल मुकुटासारखे मांडलेले! मी भिंग आधी बाईंना दिलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "एकोणीस वर्षं पाणी घालतेय," त्या म्हणाल्या, "आणि पानं आज बघितली." मग बारा जणांनी रांग लावली. त्या दिवशी मी पुढे अवाक्षर काढलं नाही, आणि सगळ्यांच्या मते कार्यक्रम तिथूनच रंगला.

वडिलांच्या फोटोची काच बदलून घेतली आहे. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता.क. येत्या रविवारी पुन्हा जायचं ठरलंय. यावेळी वीस जण आहेत. तू शाळेत सत्तावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंस, हे मी भीतीपोटी सगळ्यांना सांगून टाकलंय.

ता.क. २ सौ. म्हणते, खरं ते लिहा. खरं असं की भाऊजींना जाऊन आठ महिने झाले आणि तू दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस. फोनवर विषय काढला की तू 'बघू' म्हणतेस आणि माझा आवाज बसतो. म्हणून एवढी पानं खर्ची घातली.

ता.क. ३ हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. शनिवारी सकाळी मी तुझ्या दारात असेन. मधे नकार कळवायला टपालाचा दिवसच उरत नाही, हे पोस्टमनला विचारून घेतलंय. आणि फोन मी उचलणार नाही.