आधी कॉइल बघायला हवी होती

उस्ताद, तुमी जाऊन सहा वर्षं झाली आणि मी आज तुमच्याशी बोलायला बसलोय. नव्या पार्टच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहितोय. वही घेतली असती तर कॉलेज आठवलं असतं. पाथरीचं आपलं गॅरेज आता मीच चालवतो. भिंतीवर तुमचे पाने ओळीनं लटकलेले आहेत, फक्त तेरा नंबरची जागा रिकामी आहे. कुणी विचारलं की सांगतो, एकदा रागात विहिरीत फेकला. लोकांना पटतं. माझा राग इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात एक गाडी आली. चालवत कोण होती, ओळखा. तीच. जिच्यापायी मी एकाचं डोकं फोडलं, दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, आणि जिनं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. तुमी मला तेव्हा 'मजनू' म्हणून हाक मारायचे, भर गिऱ्हाइकांत. मागच्या सीटवर तिची आई होती. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला परभणीला न्यावं लागतं, आणि गाडी चाळीसच्या वर जात नव्हती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "पॅडल कितीबी दाबा, ओढतच न्हाई." मी तुमच्यासारखा सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. तुमी डोळे मिटून उभे राहायचे, वैदू नाडी बघतो तसे, आणि म्हणायचे, "श्वास कोंडलाय हिचा." तसंच होतं, हवा नुसती हाताला चाटून जात होती. मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे आपण ज्याला नुसता डबा म्हणायचो त्याच्या, आधीचा सेन्सर काढून गाडी चालू केली. तेवढ्या भोकातून दम निघाला आणि इंजिन कसं मोकळं गरजलं! डबा उतरवला तर आतली धूर साफ करणारी जाळी वितळून गोळा झालेली. बाजूला बसलेला एक जीपवाला म्हणाला, "फोड जाळी अन् लाव रिकामा डबा, कोण बघायलंय?" आपल्याकडं सगळे तेच करतात. पण तुमी एकाला काय म्हणाले होते ते मला आठवलं, "अन् मागून येणाऱ्याचं नाक काय भाड्यानं आणलंय का रे?" मी नवा डबा मागवला, बसवला. गाडी घेताना ती "थँक्यू" म्हणाली. एवढ्या वर्षांनी एक शब्द. दोन दिवस मी कुणावर ओरडलो नाही, यावरून समजून घ्या.

वीस दिवस नाही झाले तोच तिचा फोन. गाडी मानवतच्या पुढं बंद पडलीय, आई उन्हात बसलीय, दवाखान्याची वेळ चुकायलीय. मी मोटारसायकल पळवत गेलो. तिला स्टार्टर मारायला लावून सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. पुन्हा तोच कोंडलेला श्वास. तेव्हा गप बसायला पाहिजे होतं ना? मी भर रस्त्यात तिच्यावर ओरडलो, "पेट्रोल कुठं भरता तुमी? काहीबी भरायचं अन् नाव मेकॅनिकचं!" तिनं आधी एक जीप थांबवली, आईला धरून आत बसवलं, मग खिडकीतून म्हणाली, "तू अजून तसाच हाईस. चूक निघाली की दुसऱ्याच्या अंगावर जायलास." जीप गेली. मी तिथंच, तिच्या गाडीपाशी.

गाडी ओढून गॅरेजला आणली, सेन्सर काढून चालू केली आणि प्लगला ठिणगी देणाऱ्या एकेका कॉइलचं कनेक्शन काढून बघितलं. तिसऱ्याचं काढलं तरी इंजिनच्या आवाजात काही फरक पडेना. म्हणजे ती कॉइल आधीपासूनच मेलेली. तिच्या सिलिंडरचं न जळलेलं पेट्रोल थेट डब्यात जाऊन तिथं पेटत होतं. मी नवा डबासुद्धा त्याच आगीच्या तोंडी दिला. तिला संध्याकाळच्या आत गाडी द्यायची होती, मला छाती फुगवायची होती, म्हणून पहिला डबा कशानं वितळला ते बघितलंच नाही. आणि मला तुमच्या हाताखाली शिकतानाचा तो दिवस दिसतो. मी एका मास्तरांच्या व्हॅनचा जळलेला पंप बदलून टाकलाय, त्याला जाळणारा तुंबलेला फिल्टर तसाच आहे, आणि तुमी समोर उभे आहात, हात पुसत. "मेलेल्याला काय विचारतो, मजनू? मारलं कुणी ते विचार." आवाज चढवला नाही तुमी. "जा, देवगाव फाट्याला मास्तरांच्या घरी जा. चूक माझी होती, एवढं सांगून ये."

कॉइल बदलली, दुसरा डबा बसवला, गाडी मीच तिच्या दारात नेली. आई बाजेवर पडून होती. वेळ चुकली तर दवाखान्यानं दुसऱ्या दिवशी घेतलं, तोवर पाय सुजले होते, ते मला दिसत होते. मी उभ्याउभ्या बोललो, "पेट्रोल चांगलं होतं. चूक माझी होती. पहिल्याच दिवशी कॉइल बघायला पायजे होती." आईच म्हणाली, "एवढं सांगायला आलास व्हय? बस की मग." जरा वेळानं ती आत जाता जाता म्हणाली, "साखर कमीच घेतोस ना अजून?" बाकी काही नाही. तुमी उगी हसू नका. मंगळवारी गाडी गॅरेजपुढून गेली, मी हातातलं काम टाकून कान दिला. चारी सिलिंडर बरोबर चालत होते.

हा पुठ्ठा कुठं धाडणार? तुमच्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली घडी घालून ठेवीन.

एक राहिलं. त्या दिवशी मी मास्तरांच्या दारापर्यंत गेलो होतो. कडीला हात लागेना. फाट्यावर भजी खाल्ली, परत आलो आणि तुमाला सांगितलं, मास्तर म्हणाले असू दे. तुमी माझ्या पाठीवर थाप मारली आणि तुमचा तेरा नंबरचा पाना माझ्या हातात दिला, "आजपासून हा तुझा." उस्ताद, तो मी रागात नाही फेकला. तो हातात धरवत नव्हता.