चारचा फोन

३ तारीख, सोमवार

ठमी शाळेत परत चावली. या वेळी दंडाला, रक्त आलं. मुकादमाने इस्त्रीच्या मशीनवरून बोलावून फोन हातात दिला. इथे परदेशात, लाँड्रीत कामावर फोन कुलपात — घरून तातडीचा निरोप आला तरच मिळतो. पाच वर्षांच्या पोरीला एवढ्या लांबून झापलं. ती म्हणते, "बाबा, तू काय करतोयस?" घ्या! कशाचं काही नाही.

शाळा म्हणते, महिनाभर बघू, नाहीतर नाव काढू.

६ तारीख

शाळेतल्या समुपदेशक बाईंनी हिला, ठमीच्या आईला, वही करायला लावली. चावण्याआधी काय झालं, नंतर काय झालं. हिने फोटो पाठवला. 'आधी'मध्ये दर वेळी वेगळं — खडू हिसकावला, रांगेत ढकललं. 'नंतर'मध्ये चारही वेळा एकच. बाबांचा फोन.

म्हणजे खतपाणी मीच घातलं. जेवण गेलं नाही.

७ तारीख

बाईंचा उपाय : चावली तर फोन नाही. राग आला की मुठी आवळून दहा आकडे म्हणायचे. न चावता दिवस गेला की चारला बाबांशी पाच मिनिटं. तिथे चार म्हणजे इथे माझी भर पाळी. सुटतो तेव्हा ती झोपलेली.

मुकादमाला विचारलं. "पोरगी चावली तर देतो. नाही चावली तर तातडीचं काय त्यात?" सगळे हसले. मीही हसलो. मूर्ख!

१० तारीख

दोनदा चावली. फोन केला नाही. बाई म्हणाल्या होत्या, आधी वाढेल, धीर धरा. चादरींच्या घड्या वाकड्या पडल्या.

१२ तारीख

धीर सुटला. परत चावल्याचा निरोप आला. हिला नुसतं कळवायचं होतं, मीच मुकादमाकडे फोन मागितला. ओरडलो. ती खुशीत — "बाबा, मी खूप जोरात चावले!" सगळं मुसळ केरात. आता तिला कळलं, जोरात चावलं की बाबा येतो.

१३ तारीख

असला बाप असून नसून सारखाच.

१७ तारीख

मुकादम धावत आला — "चावली रे तुझी!" फोन घेतला. हिचा आवाज बारीक. "चावली नाही. मुठी आवळून दहा म्हणाली, स्वतःहून. मी मुकादमाला खोटं सांगितलंय. तोंड पाडून बोल, तो बघत असेल. देते तिला."