दारूची गाडी आणि तिसरा नवरा

२६ मे १८०७
नवरा हवा! तोही येत्या मंगळवारच्या आत — कर्नलसाहेबांचा हुकूम. "ओडिलबाई, नियम तुम्हाला ठाऊक आहे. पलटणीत दारू विकायची तर पलटणीतल्याच शिपायाची बायको असायला हवं. तुमचा नवरा तिबो बर्फातल्या लढाईत मेला त्याला महिने झाले. मी कुठवर डोळेझाक करू?" नाहीतर गाडी, घोडी, ब्रँडीची पिंपं — सगळं दुसरीच्या हवाली. माझा सगळा संसार त्या गाडीत आहे. नवरे दोन झाले, गाडी तीच राहिली. ती मी सोडणार नाही.

२७ मे
बातमी अख्ख्या सहाव्या कोरभर, सगळ्या पलटणींत पसरली. सकाळपासून रांग. आधी फुकट पेला, मग प्रेम! ढोलवाल्यांचा म्होरक्या गास्पार आला — टोपीवर हातभर तुरा, मिशांना मेण. "माझ्यासारखा उठून दिसणारा गडी कोरमध्ये दुसरा नाही, बाई." खरंच आहे. रशियन तोफवाल्यांनाही तो लांबूनच दिसत असणार.

२९ मे
ठरलं — शूर माणूस नको. पहिला नवरा ग्रेनेडियर, तिबोही ग्रेनेडियर. दोघेही सगळ्यांच्या पुढे धावायचे आणि मी मागे जीव मुठीत धरून पेले भरायची. आता ते होणार नाही माझ्याच्यानं.
पलटणीचा शिंपी आन्सेल्म बरा. टक्कल, बारमाही सर्दी, आवाज तर ऐकूच येत नाही. मीच जाऊन विचारलं. तोंडातली सुई काढून म्हणाला, "मीच का?"
"लढाईच्या वेळी तुम्ही कुठे असता?"
"जमेल तितका लांब."
"मग जमलं आपलं."
तो लाजला. मी गाडीच्या काळजीतून सुटले.

१ जून
लग्न लागलं. ढोलावर कागद ठेवून सह्या केल्या — ढोल गास्पारचा, तोंड एवढंसं झालं होतं त्याचं! ऐन शपथेच्या वेळी आन्सेल्म शिंकला. कर्नलसाहेब म्हणाले, "हे 'हो' समजायचं ना?" पलटण पोट धरधरून हसली. मीसुद्धा.
दुपारी बघते तर हा गाडीत बसून फाटकं छत शिवतोय. "तुमच्या अंगावर पाणी गळत होतं ना," एवढंच बोलला. छताचं काम फुकटात झालं, बरं झालं.

३ जून
घोरतो.

६ जून
काल पहाटे रशियन अंगावर आले. अख्खी कोर लढत लढत नदीकडे हटली. गर्दीत आन्सेल्म दिसेना. "शिंपी पाहिलात का, माझा शिंपी?" — दिसेल त्याला विचारत धावत होते. गास्पारला विचारलं, तोही बिचारा माझ्याबरोबर हाका मारायला लागला. आज दुपारी नदीपलीकडे सापडला. चिखलाने माखलेला, धडधाकट. मी गळ्यात पडून रडले.
तो म्हणाला, "ओडिल, आपली गाडी कुठाय?"
तेव्हा मला गाडी आठवली.