अर्धं धुतलेलं छत

१२ ऑक्टोबर, पलूस
पॉलिहाउसमधली ढोबळी मिरची छातीला लागली, फळ नाही. कळ्या गळतात. पेरं लांब, पानं पातळ. आबांच्या, माझ्या वडिलांच्या मते युरिया कमी. चुलते तात्या म्हणाले, "पोरीच्या हाताला यश न्हाई."
आबांचा निकाल : दिवाळीपर्यंत फळ धरलं नाही, तर पॉलिहाउस उतरवून ऊस. बेणं सांगूनही ठेवलंय. मग माझं इथलं काम संपलं. पुण्यात नोकरी. नको आहे.

१३ ऑक्टो.
लक्समीटर लावला. भर दुपारी आत बाहेरच्या उजेडाचा तिसरा हिस्साही नाही. पाणी ठीक, खत ठीक, तापमान ठीक. झाडं उजेडाला उपाशी.
कारण डोक्यावर. उन्हाळ्यात सावलीसाठी छताला पातळ चुना मारतात, पावसात तो धुऊन जातो. आबांनी फौजी पद्धतीने मारला. दोन हात, चुन्यात डिंक. नोकरीभर दगड, बुंधे, खांब पांढरे केलेला माणूस. पावसाळा येऊन गेला, चुना जागचा हलला नाही.

१४ ऑक्टो.
आबांना सांगितलं. "फौजेत माझा चुना कुनी धुतला न्हाई," आबा.
अर्धंच धुवू, म्हटलं. पूर्वेकडचं. पाणी, खत दोन्हीकडे सारखं. दिवाळीला बघू.
आबांनी मान वर करून छत पाहिलं. मग, "मंजूर." सुभेदारांचा शब्द.

१५ ऑक्टो.
पन्हळीत उभी राहून मऊ ब्रश, साबणपाणी. तात्या खालून : "आबा, पोरगी छपराला आंगूळ घालतीया. उटनं आनू काय?"
उतरले तर पूर्वेला झाडांच्या सावल्या जमिनीवर. धारदार कडा. इतके दिवस आत सावलीच पडत नव्हती. ते मला दिसायला हवं होतं.

१८ ऑक्टो.
ऑक्टोबरचं ऊन. पूर्वेची पानं दुपारी लोंबली. आबा : "बघ. माझ्या चुन्याखालची उभी हायती."
खरं होतं. उजेड वाढवला, उष्णतेचा हिशेब कमी धरला. चूक माझी. बाजूचे पडदे पूर्ण वर, दुपारी फॉगरने पाण्याचं धुकं थोडं थोडं, दोन्हीकडे सारखं. संध्याकाळी पानं उभी.


२७ ऑक्टो.
पू. : नवी पानं जाड, गर्द. पेरं आखूड. कळ्या टिकताहेत.
प. : तसंच.

९ नोव्हें.
फळं. पू.मध्ये झाडागणिक. प.मध्ये तेच पाणी, तेच खत, नुसता पाला. तात्या मधल्या वाटेवर. एकदा इकडे मान, एकदा तिकडे. "आयला, मधी भिंत घातल्यागत."
"व्हय," आबा. एवढंच.
ते दोघं गेल्यावर मी दार लावून हसले. मोठ्याने.

१४ नोव्हें., पाडवा
ओवाळून झालं तर आबा गायब. पश्चिमेच्या पन्हळीत, हातात खराटा.
"खराट्यानं ओरखडे पडतील. ब्रश घ्या."
"जी साब." तात्यांच्या देखत.
घासता घासता : "उन्हाळ्यात परत मारायचा का न्हाई?"
"मारायचा. पातळ. बिनडिंकाचा."
"किती पातळ?"
"मी कालवून देईन."
आबांनी ब्रश साबणपाण्यात बुडवला. घासत राहिले. उसाचं बेणं नको म्हणून कळवलंय का, मी विचारलं नाही. खाली पश्चिमेच्या झाडांना सावल्या फुटत होत्या.