धुक्यातले ठिपके

मंगळवार, ३ फेब्रुवारी

मिळाली संधी! ॲनिमेशन स्टुडिओने चाचणी म्हणून एक दृश्य मागितलंय — पहाटेचं तळं, वरून सरकणारं धुकं, अर्धा मिनिट. सोळा तारखेला, सोमवारी सकाळी द्यायचं. आवडलं तर घरबसल्या कायमचं काम! बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा नोकरी सोडली. त्यानंतर दोन वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट.

आज डिजिटल पेनने धुक्यामागचं आकाश रंगवून बाजूला ठेवलं. पण माझा संगणक! धुक्याची एकेक चौकट इतकी रेंगाळत तयार करतो, की या चालीने दृश्य मार्चमध्ये पुरं होईल.

बुधवार, ४ फेब्रुवारी

आतेबहीण आली. तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. घरात सगळे तिला पक्कड म्हणतात. "ताई, नवा कशाला? यालाच जरा पळवू." प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवलाय त्याहून थोडा वाढवता येतो म्हणे. आधी आतली धूळ काढली — धूळ कसली, गालिचाच निघाला! मूळ सेटिंगचा फोटो काढून ठेवायला लावला. "एकेक पायरी चढ. चढलीस की टेस्ट लाव, तापमान बघ. ऐंशीच्या वर गेलं की गुपचूप खाली उतर. आणि व्होल्टेजला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे!"

बाबा खुर्चीतून बघत होते. उजवा हात मांडीवर, निर्जीव. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्या हाताने रंगवल्यात. आता काठी टेकत चालतात, पण बोलणं हो-नाहीपुरतं. तेही मानेने.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

पहिली पायरी. टेस्ट पास!

पंख्याचा सूर किंचित चढलाय. खोली उबदार होते म्हणून बाबा दिवसभर तिथेच बसतात. मी स्वयंपाकघरात असले तरी तो सूर ऐकू येतो आणि वाटतं, आपण तळ्याकाठी बसलोय, पाय पाण्यात, धुकं अंगावरून जातंय. दूध उतू गेलं तेव्हा भानावर आले.

रविवार, ८ फेब्रुवारी

दुसरी पायरी. तापमान सत्तरच. जीव भांड्यात पडला!

फक्त एक — तयार तुकड्यात धुक्यामागे एक पांढरा ठिपका दिसतो. मी नाही काढलेला.

मंगळवार, १० फेब्रुवारी

तिसरी पायरी. आता ठिपके तीन! धुकं सरकलं की दिसतात, पुन्हा विरून जातात. खरं सांगायचं तर सुंदर दिसतात. बराच वेळ नुसती बघत बसले.

पक्कडला फोन केला. "सुंदर कसले, ताई? वेग झेपला नाही की प्रोसेसर हिशेब चुकतो. ते चुकलेले हिशेब आहेत." मग स्वतःच — "पण टेस्ट पास होतेय म्हणतेस? कमालच आहे."

गुरुवार, १२ फेब्रुवारी

एक पायरी उतरले. ठिपके पाच!! म्हणजे बिघडवलाच मी. अति तिथे माती. बाबांसमोरच रडले. ते पडद्याकडे बोट करून काहीतरी सांगू बघत होते. "बाबा, आत्ता नको ना," म्हणून मी उठूनच गेले.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

मूळ वेगावर आणलं सगळं. ठिपके आहेतच. आणि या वेगाने सोमवार काही गाठता येत नाही. स्टुडिओला उद्या कळवून टाकायचं, जमणार नाही म्हणून.

शनिवार, १४ फेब्रुवारी

कळवायला म्हणून खोलीत गेले, तर बाबा माझ्या खुर्चीत. समोर मी रंगवलेलं आकाश उघडलेलं. डाव्या हातात पेन, जीभ दाताखाली — आणि एक फटकारा. पांढरा पक्षी. सहावा!

मला बघून दचकले. मग अडखळत, शब्द शोधत, दोन वर्षांतलं पहिलं अख्खं वाक्य — "तळं... फार एकटं दिसत होतं गं."

तिसऱ्या पायरीवर परत आलेय. सोमवार गाठते. पक्ष्यांसकट!